कानाचं टोक

मागे एकदा इथे आमच्या ठकीचा फोटो टाकला होता. तेव्हा तिघा-चौघांनी एकच विचारलं, "तिच्या डाव्या कानाला काय झालं? बोक्याने फाडला का?" सांगलीहून वन्संचाही फोन आला, "अगं, बिचारीचा कान कुणी कापला?" त्यांना म्हटलं, याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येणार नाही, सवडीने लिहीन. आज ती सवड मिळाली आहे. उत्तर द्यायचं तर आधी रोमला जावं लागेल, आणि थोडी माझी चूकही सांगावी लागेल.

2016 मध्ये आम्ही दोघं एका टूरबरोबर युरोपला गेलो होतो. रोममध्ये एका सकाळी बस एका चौकात थांबली. चौकाचं नाव लार्गो दि तोर्रे आर्जेंतिना. रस्त्याच्या पातळीपेक्षा बरंच खाली खणलेलं मोठं आवार, त्यात मोडके खांब, दगडी पायऱ्या, पडक्या भिंती. 1920 च्या दशकात जुन्या इमारती पाडताना तिथे रोमन काळातली चार देवळं सापडली. त्यांच्या मागच्या बाजूला पॉम्पीने बांधलेल्या सभागृहाचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वी 44 मध्ये, मार्चच्या 15 तारखेला, ज्युलियस सीझरचा खून झाला तो या सभागृहात! एकतीस वर्षं इतिहास शिकवताना हा प्रसंग मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितला असेल, त्याला गणती नाही. कठड्याला धरून खाली बघताना खरोखर अंगावर काटा आला.

आणि बघते तर काय, खाली सगळीकडे मांजरं! एक खांबाच्या तुटक्या माथ्यावर पसरलेलं, दोन पायऱ्यांवर ऊन खात बसलेली, एक सीझरच्या दिशेने पाठ करून अंग चाटतंय. सगळी बस हसत होती, फोटो काढत होती. एक मांजर कठड्याच्या अगदी जवळ आलं आणि माझं हसू मावळलं. त्याच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. शेजारच्या मांजराचंही तसंच. मी ह्यांना म्हटलं, "एवढी सुधारलेली माणसं, आणि मुक्या जनावराचे कान कापतात!" गाईडला विचारायला हवं होतं. पण बस सुटायची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर माझं मत बनूनही गेलं होतं. विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगितलं, पुरावा बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. स्वतः मात्र पाच मिनिटांत काढला.

आता ठकीकडे येते. ती आमच्या सोसायटीतली, कुणाचीच नव्हे अशी. मागच्या भिंतीपाशी पाण्याच्या टाकीजवळ तिचा जन्म झाला. पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत माणसाच्या हाताला सरावलं तर ते घरातलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्यापर्यंत हा काळ असतो. तो हुकला की मांजर जातीने घरमांजरच राहतं, पण माणसाला मात्र वाघासारखं भितं. इंग्रजीत अशा मांजरांना फेरल म्हणतात. आपल्या रानमांजराशी त्यांचा काही संबंध नाही, ती निराळी जात. ही आपल्याच मनीची लेकरं, फक्त माणसाविना वाढलेली. ठकी अशीच. तिला हात लावायची सोय नव्हती. पण रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर हजर. मी भाकरी कुस्करून त्यात दूध घालून ठेवायची आणि दाराआड उभी राहायची. वर्षभरात ती एवढी विश्वासली, की मी पायरीवर बसले तरी दोन हातांवर बसून खायची.

मांजरीला पाच-सहा महिन्यांतच पिल्लं होऊ शकतात आणि जेमतेम नऊ आठवड्यांत ती वितेसुद्धा. म्हणून 2018 मध्ये पिंजरा लावून ठकीला पकडलं आणि तिचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. भूल देण्याआधी म्हणाला, "बाई, कानाचं टोक घेतो थोडं. खूण म्हणून." माझ्या डोळ्यासमोर रोम उभं राहिलं. मी म्हटलं, "अरे, काही गरज नाही. एवढे सुंदर कान आहेत तिचे. आणि आमच्या सोसायटीत सगळे ओळखतात तिला." तो दोनदा म्हणाला. पण बाईंचा शब्द मोडायची त्याला अजून सवय नव्हती. ठकी दोन्ही कान शाबूत घेऊन घरी आली आणि मला माझ्या दयाळूपणाचं फार कौतुक वाटलं.

पुढे 2022 मध्ये आम्ही मुलीकडे दोन महिने राहायला गेलो. त्याच वेळी सोसायटीने मांजरांचं निर्बीजीकरण करायचं ठरवलं. काम चांगलंच होतं, माझा विरोध असायचं कारण नाही. माणसं आली, पिंजरे लागले. ज्यांच्या कानाचं टोक कापलेलं होतं अशी दोन मांजरं पिंजऱ्यात सापडली, ती तिथल्या तिथे सोडून दिली. ठकी सापडली. कान अख्खे. पोटावरची जुनी खूण केसांत केव्हाच बुजलेली. ती गेली गाडीतून. तिला भूल दिली, पोट उघडलं, आणि आत बघतात तर काढायला काहीच नाही! मग टाके घालून, या वेळी कानाचं टोक घेऊन तिला परत आणून सोडलं. टाके चिघळले. शेजारच्या काकूंनी महिनाभर औषध खाण्यात मिसळून दिलं, म्हणून वाचली.

मी परत आले तेव्हा पायरीवर भाकरी ठेवली. ठकी टाकीच्या पलीकडे बसून राहिली. मी आत गेले, दार लावलं, तेव्हाच आली. आज इतकी वर्षं झाली, मी पायरीवर बसलेली असताना ती पुन्हा कधी आली नाही. तुम्ही पाहिलेला फोटो खिडकीच्या गजातून काढलेला आहे.

चूक कुणाची? त्या माणसांची नाही. त्यांनी कान बघितला, आणि कान काही बोलला नाही. त्याचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं.

त्यानंतर मी या कापलेल्या कानाचा इतिहास शोधून वाचला. जे कळलं ते थोडक्यात सांगते.

इंग्लंडमध्ये कारखाने, गोद्या, इस्पितळं यांच्या आवारात मांजरांचे मोठे कळप असत. वाफेच्या नळांची ऊब, स्वयंपाकघरातलं खरकटं आणि उंदीर! मांजराला आणखी काय हवं? संख्या वाढली की तक्रार व्हायची आणि मग पकडून मारून टाकायचं, हा ठरलेला उपाय. पण ऊब तीच, खरकटं तेच. थोड्या दिवसांत आसपासची नवी मांजरं येऊन बसत. 1970 च्या दशकात काही बायकांनी वेगळा रस्ता धरला. सीलिया हॅमंड ही 1960 च्या दशकातली नामांकित मॉडेल. तिने फॅशनची दुनिया सोडून मांजरं पकडून त्यांची ऑपरेशनं करून घ्यायला सुरुवात केली. रूथ प्लांट यांनी 1977 मध्ये कॅट ॲक्शन ट्रस्ट ही संस्था काढली. पद्धत तीन शब्दांची : पकडा, निर्बीज करा, परत सोडा. परत सोडायचं ते त्याच जागी, आणि पुढे रोज खायला घालून लक्ष ठेवायचं. म्हणजे तो नुसता कळप उरत नाही, कुणीतरी सांभाळलेली वसाहत होते.

सुरुवातीला हा प्राणिप्रेमी बायकांचा खुळेपणा समजला गेला असणार, हे सांगायला पुरावा नको! पण सप्टेंबर 1980 मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात या मांजरांवर शास्त्रज्ञांचं दोन दिवसांचं चर्चासत्र झालं. जेनी रेमफ्री या पशुवैद्य बाई आणि पीटर नेव्हिल यांनी निर्बीज केलेल्या दोन कळपांचा अभ्यास करून 1984 मध्ये तो पशुवैद्यकाच्या नियतकालिकात छापला. भूतदयेचं काम असं हळूहळू वहीत मांडलं जाऊ लागलं.

आणि वहीत मांडायचं म्हटलं की पहिला प्रश्न : कोणतं मांजर झालं आणि कोणतं राहिलं? लहानपणी उंदरांच्या सभेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? इथे मांजराच्या हितचिंतकांचीही तीच सभा भरली होती म्हणायची. गळ्यात पट्टा बांधावा, तर तो कुंपणात अडकतो, किंवा लहान वयात बांधला तर वाढत्या मानेत रुततो. पुन्हा हात लावून तो सैल कोण करणार? कानाला बिल्ला लावावा, तर तो ओढला जाऊन कान फाटतो, पिकतो. कानात गोंदवावं, तर वाचायला मांजर हातात धरायला हवं. हल्ली कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. ती उत्तमच, पण वाचायला यंत्र हवं आणि यंत्र मांजराच्या अगदी जवळ न्यायला हवं. जे मांजर दहा हातांवरून पळतं, त्याची ओळख दहा हातांवरूनच पटायला हवी.

म्हणून कान. ऑपरेशनसाठी भूल दिलेली असतानाच कानाचं टोक सरळ रेषेत, मोठ्या मांजराचं साधारण एक सेंटिमीटर, कापायचं. पुष्कळ देशांत डावा कान ठरलेला आहे. जखम लवकर भरते आणि ऐकण्यात काही कमी होत नाही. सरळच का? मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो. सरळ रेषा बोक्याच्या नखांनी निघत नाही. तिथे माणसाचा हात लागला आहे, हे लांबून कळतं. जपानमध्ये सरळ न कापता छोटी व्ही आकाराची खाच पाडतात, नराच्या उजव्या कानाला आणि मादीच्या डाव्या. त्यामुळे कान चेरीच्या फुलाच्या पाकळीसारखा दिसतो, म्हणून अशा मांजराला तिथे साकुरा-नेको म्हणतात, साकुरा म्हणजे चेरीचं फूल. मी ज्याला विद्रूप म्हटलं, त्याला त्यांनी फुलाचं नाव दिलं!

खूण ओळखीची. पण ओळखून पुढे काय? ज्याला मांजर मारायचंच आहे, त्याला कान दिसून काय उपयोग? इथे पुन्हा रोम येतं. इटलीत 14 ऑगस्ट 1991 रोजी 281 क्रमांकाचा कायदा झाला. मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना छळायला त्यात बंदी आहे. सरकारी पशुवैद्यक खात्याने त्यांचं निर्बीजीकरण करायचं आणि त्यांना त्यांच्याच कळपात परत सोडायचं. मारायचं ते फक्त गंभीर किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारातच. आणि प्राणिरक्षक संस्थांना अशा वसाहती सांभाळायचा अधिकार. जे काम इंग्लंडात बायका पदरमोड करून करत होत्या, ते इटलीत कायद्याने कर्तव्य ठरलं.

त्या चौकातल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांची परंपरा फार जुनी. त्यांना तिकडे 'गात्तारे' म्हणतात, म्हणजे मांजरवाल्या. ॲना मान्यानी ही ऑस्कर मिळवलेली नटी शेजारच्या नाटकगृहात काम करायची तेव्हा त्यांना खायला घालायची, असं सांगतात. 1990 च्या दशकात काही स्वयंसेवक बायकांनी तिथे रस्त्याखालच्या एका खोलीत मांजरांचा दवाखानाच थाटला. पुढे 2012 मध्ये पुरातत्त्व खात्याने ती खोली हलवायला सांगितलं, कारण ती देवळाच्या अवशेषांना लागून आहे. मोठा गहजब झाला, आणि मांजरं राहिली. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी कुणाच्या बाजूने उभी राहिले असते, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. 2023 पासून त्या अवशेषांमधून लोकांना फिरायला वाट केली आहे, आणि मांजरंही तिथेच आहेत. म्हणजे दोघांनाही जागा पुरली.

अमेरिकेत याची सुरुवात थोडी उशिरा झाली. वॉशिंग्टनच्या एका गल्लीत 54 मांजरं होती. त्यांच्यापासून सुरू झालेल्या कामातून 1990 मध्ये बेकी रॉबिन्सन आणि लुईझ होल्टन यांनी ॲली कॅट अलाइज ही संस्था काढली. पण मला जास्त आवडलेली गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट गावाची. तिथल्या नदीकाठी 300 च्या आसपास मांजरं होती. 1992 पासून गावकऱ्यांनी ती पकडून निर्बीज केली. पिल्लं आणि माणसाळलेली मांजरं घरोघर दिली, बाकीची परत काठावर सोडून रोज सांभाळली. सतरा वर्षांनी, 2009 मध्ये, त्या काठावरचं शेवटचं मांजर म्हातारपणाने गेलं. त्याचं नाव झोरो. एकही न मारता वसाहत संपली. सतरा वर्षं! आपल्याकडे सतरा महिन्यांत फळ दिसलं नाही तर कमिटी बदलतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुन्हा रोमच्या कठड्यासारखंच होईल. पक्ष्यांचे अभ्यासक या पद्धतीवर नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की अमेरिकेत मोकळी मांजरं वर्षाला शंभर कोटींहून जास्त पक्षी मारतात. कान कापलेलं मांजर पिल्लं घालत नाही, पण चिमणी धरतंच. जिथे जमिनीवर घरटी करणारे दुर्मीळ पक्षी आहेत अशा बेटांवर हा उपाय मलाही पटत नाही. शिवाय कळपातली बहुतेक मांजरं निर्बीज झाली नाहीत, तर उरलेल्या दोन-तीन माद्या सगळा हिशोब धुऊन टाकतात. 2005 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात भटक्या मांजरांना गोळी घालायची मुभा द्यावी का, यावर लोकांचं मत घेतलं, तेव्हा बहुमत 'द्यावी' असं पडलं. कायदा काही झाला नाही. पण खुणेचं महत्त्व मला यातून कळलं. रस्त्यावरचं मांजर म्हटलं की ते सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं. कापलेला कान म्हणतो, माझ्यासाठी कुणीतरी जबाबदार आहे. माझी मोजणी झाली आहे, मी आणखी वाढणार नाही, मला राहू द्या.

आपल्याकडेही हे नवीन नाही. 2001 च्या नियमांत भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालं की कानाला खूण करायची तरतूद आलीच होती. 2023 मध्ये त्या जागी नवे नियम आले. तेव्हा पुन्हा रस्त्यात खाच पाडलेल्या कानाचं कुत्रं किंवा टोक नसलेलं मांजर दिसलं, तर हळहळू नका. आणि मांजरं उचलायची मोहीम निघाली, तर पिंजरा गाडीत चढण्याआधी कान बघा, आणि दुसऱ्यांनाही बघायला सांगा. खायला घालत असाल तर साधी वही ठेवा. रंग, शेपटी, कोणता कान, कधी ऑपरेशन झालं, एवढं पुरे. गावाला जाताना ती वही शेजारी देऊन जा. माझ्याकडे तीही नव्हती.

मला राहून राहून माझ्या मुलीच्या बारशाचा दिवस आठवतो. बाराव्या दिवशी सोनाराला घरी बोलावून कान टोचले. पोर कळवळून रडली, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. कान सोनारानेच टोचावे म्हणतात. ज्याचं काम त्याने करावं, आणि आईने मध्ये हात घालू नये. तेव्हा मला ते समजलं होतं. डॉक्टरच्या टेबलापाशी मात्र विसरले.

गेल्या पावसाळ्यात टाकीपाशी एक नवा बोका आला, करड्या पट्ट्यांचा, डोळे मोठे आणि कान तर असे, की ठकीचेही फिके पडावेत. पिंजऱ्यात घालून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. विचारावं की नाही, असा त्याचा चेहरा.

मी म्हटलं, "काप रे. डावा."

बोका दुसऱ्या दिवशी परत आला. आता दोघं टाकीवर बसतात, थोडं अंतर ठेवून. ठकी अजून मी आत गेल्यावरच येते. येईल तेव्हा येईल. मी भाकरी ठेवते आणि दार लावून घेते.